यंत्राच्या खोडी कोणी सांभाळाव्या?

माणसाला जशा खोडी असतात तशा यंत्रालाही असतात. एखादे छपाईचे यंत्र नव्या ओळीवर येण्यास अंमळ उशीर लावते. एखादी डिस्क आपल्यात जागा किती हे विचारले असता एका आकड्याने जास्त सांगते. एखादा कळफलक झोपेतून उठल्यावर आपण कोण होतो हेच विसरतो. ही यंत्रे बिघडलेली नसतात. ती कारखान्यातून तशीच बाहेर पडलेली असतात, त्यांच्या हजारो जुळ्या भावंडांत तीच खोड असते, आणि एकदा घरोघर पोचल्यावर त्यांना परत बोलावणे बहुधा शक्य नसते. मग प्रश्न उरतो तो हा, की ही खोड कोणी सांभाळून घ्यावी? यंत्र बनवणाऱ्याने, संगणकाचा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीने, तिच्यात एकेका उपकरणासाठी नेमलेल्या दुभाष्याने, वरच्या प्रोग्रॅमने, की शेवटी समोर बसलेल्या गिऱ्हाइकाने? प्रश्न तांत्रिक दिसतो खरा. पण खोड सांभाळण्याला खर्च पडतो, आणि तो कोणाच्या माथी बसावा हा प्रश्न तंत्राइतकाच न्यायाचाही आहे. त्याचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहोत.

आरंभी दोन शब्दांचा उलगडा करू. संगणकातील सर्व साधनसामग्रीवर देखरेख करणारी व ती निरनिराळ्या प्रोग्रॅमांना वाटून देणारी जी मूळ व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. तिच्यात प्रत्येक उपकरणासाठी एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर हे नाव पडले आहे. नाव सारथ्याचे असले तरी काम दुभाष्याचे. वरून आलेली 'हे पान छाप' अशी सर्वसामान्य आज्ञा तो त्या विशिष्ट यंत्राच्या बोलीत सांगतो, आणि यंत्राचे उत्तर सर्वांना कळेल अशा भाषेत वर पोचवतो.

या प्रश्नाचे एक रूप आपण उपनगरवासीयांनी रोजच्या प्रवासात पाहिलेले आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही हार्बर मार्गावरची पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर. १९२८ साली पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत तीच वीज आली. पुढे १९५७ साली भारतीय रेल्वेने नव्या विद्युतीकरणासाठी २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज पत्करली, आणि काळाच्या पुढे असलेली मुंबई देशाच्या जाळ्यातला एक वेगळा, अडचणीचा कोपरा होऊन बसली. यावर तीन उपाय झाले. पहिला इगतपुरीचा: सीमेवर गाडी थांबवावी आणि इंजिन बदलावे. यात यंत्रे साधी राहिली, पण भुर्दंड प्रवाशाने आपल्या वेळातून भरला. दुसरा, १९७५ सालापासून पश्चिम रेल्वेवर आलेल्या दुहेरी इंजिनांचा: इंजिनानेच दोन्ही विजा पचवाव्या आणि विरार न थांबता ओलांडावे. यात प्रवासी सुटला, पण प्रत्येक इंजिनाच्या पोटात दुप्पट सामग्री आली. तिसरा उपाय मुळावर घाव घालण्याचा, म्हणजे तारेतली वीजच बदलण्याचा. पश्चिम रेल्वेवर तो फेब्रुवारी २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बर मार्गावर एप्रिल २०१६ मध्ये पुरा झाला. परंतु मधल्या वर्षांत दोन्ही विजांवर चालणाऱ्या लोकलगाड्या हाताशी होत्या म्हणूनच हा बदल गाड्या चालू ठेवून, टप्प्याटप्प्याने करता आला, हे विसरता कामा नये. काठावर सांभाळलेली खोड ही कधी कधी मुळाशी करावयाच्या सुधारणेसाठी मिळवलेली मुदत असते.

आता संगणकाकडे वळू. त्याच्या पहिल्या पिढीत हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण दुभाष्याच नव्हता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्याची स्मृती २०४८ शब्दांची, आणि एकेक शब्द ४० अंकस्थानांचा. प्रोग्रॅम लिहिणारा त्या यंत्राच्या सगळ्या खोडी जाणून असे, कारण बांधणारे आणि वापरणारे एकाच छपराखाली वावरत होते. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकन संगणक आला. त्याचा शब्द ४८ अंकस्थानांचा. साठीच्याच दशकात पवईच्या आय. आय. टी.त सोव्हिएत बनावटीचा मिन्स्क-२ आला. त्याचा शब्द ३७ अंकस्थानांचा. एकाच शहरातली ही तीन यंत्रे, पण यंत्रभाषेत लिहिलेला एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या दारात उभा राहू शकत नव्हता. खोड प्रोग्रॅमात भरली की प्रोग्रॅम यंत्राबरोबरच जन्मतो आणि यंत्राबरोबरच सती जातो, हा धडा त्या पिढीने घेतला.

या अवस्थेवर पहिला मोठा तोडगा आयबीएमने काढला. ७ एप्रिल १९६४ रोजी तिने सिस्टीम/३६० हे संगणकांचे अख्खे घराणे जाहीर केले. लहान-मोठे सर्व संगणक एकाच आज्ञावलीवर चालणार आणि छपाईयंत्रे, फितीची यंत्रे, डिस्का या सर्वांना जोडण्याची रीत एकच असणार, असा त्यातला संकल्प होता. सोव्हिएत गटाने पुढे आपले यंत्रघराणे याच घडणीवर बेतले, आणि त्यातला ईसी-१०३० हा संगणक सत्तरीच्या दशकात पवईसही आला. येथे उत्तर असे होते की खोडीला जन्मच देऊ नये. सर्वांना एक शिस्त लावावी. एकच मालक सगळी यंत्रे बनवीत असेल, किंवा दुसरे कोणी त्याचीच नक्कल करीत असतील, तर हे उत्तर उत्तम. पण बाजारात शंभर कारखानदार उतरले म्हणजे शिस्त कागदावर राहते.

शंभर कारखानदारांचा अनुभव प्रथम आला तो युनिक्सला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी तिचा पाया घातला. प्रत्येक उपकरण हे एखाद्या फाइलीसारखे दिसावे, म्हणजे वाचावयाचे तर 'वाच', लिहावयाचे तर 'लिही' एवढेच वरच्याने म्हणावे, ही त्यांची कल्पना फार सुंदर होती. पण तिलाही प्रत्यक्षाशी तडजोड करावी लागली. त्या काळच्या टेलिटाइप यंत्राचा छपाईचा गाडा उजव्या टोकापासून डाव्या टोकास परत यायला क्षणभर वेळ घेई. तेवढ्यात पुढचे अक्षर आले तर ते वाटेतच कोठेतरी उमटे. म्हणून ओळ संपल्यावर किती थांबावे याचा हिशेब युनिक्सने आपल्या गाभ्यात ठेवला. काही यंत्रांना लहान लिपीतली रोमन अक्षरे ठाऊकच नव्हती. तेव्हा आत शिरताना कोणी आपले नाव केवळ मोठ्या अक्षरांत टंकले, तर युनिक्स समजून घेई की या बिचाऱ्यापाशी तसलेच यंत्र आहे, आणि पुढचा सारा व्यवहार त्या बेताने करी.

पुढे काचेच्या पडद्याची टर्मिनले आली आणि खोडींचा सुळसुळाट झाला. हेझल्टाइन कंपनीच्या काही टर्मिनलांना नागमोडी रेघेचे एक चिन्ह पडद्यावर दाखवताच येत नसे, कारण ते चिन्ह त्यांनी आज्ञेची खूण म्हणून राखून ठेवले होते. अशा प्रत्येकासाठी गाभ्यात नियम घालत बसावे, तर गाभा म्हणजे धर्मशाळा व्हायची. बर्कलीच्या बिल जॉय यांनी १९७८ च्या सुमारास यावर 'टर्मकॅप' नावाचा उपाय काढला. सर्व टर्मिनलांचे गुणदोष एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवले, आणि प्रोग्रॅमाने यंत्राचे नाव पाहून त्या वहीतून वागणूक ठरवावी असे केले. हेझल्टाइनच्या खोडीलाही तीत स्वतःचे खूणनाव मिळाले. नवे टर्मिनल बाजारात आले की प्रोग्रॅमास हात न लावता वहीत चार ओळी वाढवल्या की झाले. खोड ही विचाराची नव्हे, माहितीची बाब आहे, आणि माहिती वहीत असावी, ही या उपायातली मर्मदृष्टी होय.

दुर्दैवाने आपल्या शहरातील बहुतेक कचेऱ्यांत संगणक आला तो या वाटेने नव्हे. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर निघाला, आणि त्यावरची डॉस ही प्रणाली छपाईच्या बाबतीत जवळजवळ मौनच पाळीत असे. त्यामुळे वर्डपर्फेक्टसारख्या लेखनाच्या प्रोग्रॅमाला शेकडो छपाईयंत्रांचे दुभाषे स्वतःच बाळगावे लागत. हिशेबाचा प्रोग्रॅम आपले वेगळे दुभाषे आणी, तक्त्यांचा प्रोग्रॅम वेगळे. नवे छपाईयंत्र घेणाऱ्या कारकुनाने आधी विचारावयाचे, की हे माझ्या कोणकोणत्या प्रोग्रॅमांना ओळखते? एकच काम दहा ठिकाणी, दहा प्रकारे अर्धवट होत होते.

मराठीच्या वाट्याला तर याहून कठीण प्रसंग आला. रोमन लिपीसाठी घडवलेल्या यंत्राच्या दृष्टीने देवनागरी हीच एक मोठी खोड होती. अक्षरे एकाखाली एक जुळतात, वेलांटी उच्चारात नंतर पण लेखनात आधी येते, रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. कानपूरच्या आय. आय. टी.तील संशोधनातून निघालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट कार्ड हे यावरचे एक हुशारीचे उत्तर होते. संगणकात एक जादा कार्ड बसवावयाचे. डॉसवरचे साधे मजकुराचे प्रोग्रॅम पूर्वीप्रमाणेच चालत, आणि पडद्यावर देवनागरी उमटविण्याचे काम ते कार्ड करी. म्हणजे लिपीची खोड अगदी तळाशी, उपकरणातच सांभाळली गेली. वरच्या प्रोग्रॅमाला दुसरी लिपी आली आहे याची वार्ताही नसे.

नंतर विंडोजचे दिवस आले. पडद्यावर चित्रे काढणाऱ्या त्या प्रणालीपुढे अशा कार्डाचे प्रयोजन उरले नाही. देवनागरीची जबाबदारी आता अक्षरमुद्रा विकणाऱ्या निरनिराळ्या कंपन्यांवर आली, आणि प्रत्येकीने अक्षरांना आपापले क्रमांक दिले. एकीच्या साच्यात टंकलेला मजकूर दुसरीच्या साच्यात उघडला की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसे. त्या वर्षांत मराठीत टंकली गेलेली पुस्तके, वृत्तपत्रांची पाने, कचेऱ्यांचे कागद हे छापील स्वरूपात टिकले. संगणकातील त्यांच्या प्रती मात्र ज्या त्या साच्याच्या कुलपात अडकल्या. साचा गेला, कंपनी गेली, की किल्लीही गेली. खोड चुकीच्या मजल्यावर सांभाळली तर काय होते याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस तरी दुसरे दिसत नाही.

येथे आपल्या उपनगरातील एका प्रयत्नाचा उल्लेख केला पाहिजे. टाटा संशोधन संस्थेतून पुढे आलेले आणि १९८५ साली स्वतंत्र झालेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र जुहूला होते. पुढे ते सी-डॅकमध्ये विलीन झाले. चालू शतकाच्या आरंभी या केंद्राने 'इंडिक्स' नावाचे काम हाती घेतले. लिनक्स प्रणालीत पडद्यावर चित्र उमटवणारी जी समाईक व्यवस्था असते, तिलाच त्यांनी भारतीय लिप्या शिकवल्या, म्हणजे वरच्या सर्व प्रोग्रॅमांना त्या आपोआप लाभाव्या. हेतू उदात्त आणि विचार सरळ होता. तरीही जगाने पुढे जो मार्ग पत्करला तो थोडा वेगळा. अक्षरजुळणीचे काम पडद्याच्या समाईक व्यवस्थेत न घालता ते हार्फबझसारख्या एका सामायिक भांडारात ठेवावे, आणि ज्या प्रोग्रॅमाला हवे त्याने तेथून घ्यावे, ही रीत रूढ झाली. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस यांतली मराठी याच भांडारातून जुळून येते.

हा फरक बारीक वाटेल, पण तो आमच्या विषयाचा गाभा आहे. लिनक्सच्या विकासकांपैकी नील ब्राउन यांनी २००९ साली एका लेखात त्याला 'मधल्या थराची चूक' असे नाव दिले. वर सामान्य आज्ञा आणि खाली नाना तऱ्हेचे ड्रायव्हर, यांच्यामध्ये एक सक्तीचा थर उभा केला, की तो मुकादमासारखा वागू लागतो: प्रत्येक काम माझ्या हातूनच झाले पाहिजे. मग एखादे यंत्र जरा वेगळे निघाले की मुकादमाच्या नियमांत एक अपवाद घालावा लागतो. दुसरे निघाले की दुसरा. हळूहळू सरळ वागणाऱ्या यंत्रांचे कामही त्या अपवादांच्या गर्दीतून जाऊ लागते, आणि एका खोडीसाठी केलेली दुरुस्ती भलत्याच यंत्राला बाधते. याउलट मुकादमाऐवजी अवजारांची खोली ठेवली, तर सरळ यंत्राचा ड्रायव्हर तेथील तयार अवजारे उचलतो, आणि खोडकर यंत्राचा ड्रायव्हर तेवढ्या जागी आपले स्वतःचे अवजार वापरतो. इतरांना त्याची झळ लागत नाही.

मग मध्यभागी काहीच ठेवू नये काय? तसेही नाही. डिस्कचेच उदाहरण घेऊ. डिस्कमधील खणांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. 'तुझा शेवटचा क्रमांक कोणता?' असे विचारले असता नियमाप्रमाणे एकूण खणांहून एक कमी असा आकडा यावयास हवा. पण यूएसबीने जोडावयाच्या कित्येक उपकरणांनी एकूण संख्याच सांगून टाकली. आपल्याकडे 'तळमजला अधिक चार' अशी इमारत असते. शेवटच्या मजल्याचा क्रमांक चार आणि मजले मोजले तर पाच, तसाच हा घोटाळा. प्रणालीने त्या नसलेल्या खणाकडे हात नेला की काही उपकरणे चक्क गोठून जात. हीच चूक अनेक कंपन्यांच्या मालात होती. तेव्हा प्रत्येकासाठी वेगळा ड्रायव्हर न लिहिता लिनक्सने विचित्र उपकरणांची एक यादीच ठेवली: बनवणाऱ्याचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक, आणि पुढे 'याच्या उत्तरातून एक वजा करावा' अशी खूण. टर्मकॅपची वही येथे नव्या रूपाने परत आली. एकाच जातीची खोड अनेकांत असेल तर तिला समाईक नाव द्यावे आणि कोणाकोणात ती आहे याची नोंद ठेवावी. एकट्याचीच असेल तर ती त्याच्या ड्रायव्हरात राहू द्यावी. हा तारतम्याचा नियम अनुभवातून असा घडला.

बनवणाऱ्याच्या जबाबदारीचा प्रश्नही इतिहासाने दोन घटनांतून दाखवला आहे. १९९४ साली इंटेलच्या पेंटियम या प्रोसेसरात भागाकाराची चूक सापडली. काही विशिष्ट आकड्यांचा भागाकार किंचित चुके. बराच गवगवा झाल्यावर कंपनीने मागेल त्यास प्रोसेसर बदलून देण्याचे मान्य केले, आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरांची तोशीस सोसली. १९९७ साली त्याच घराण्यात दुसरी चूक सापडली: एक विशिष्ट, निरर्थक आज्ञा दिली की संपूर्ण संगणक जागच्या जागी थिजे. या वेळी मात्र निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या लेखकांनी स्मृतीच्या मांडणीत एक युक्ती करून ती आज्ञा निष्प्रभ केली. पहिल्या वेळी मोल कारखानदाराने दिले, दुसऱ्या वेळी प्रणाली लिहिणाऱ्यांनी. चूक प्रणालीला झाकता आली की कारखानदार सुटतो, हे यातले कटु सत्य आहे. सॉफ्टवेअर दुरुस्त करणे स्वस्त असल्यामुळे खोडींचा ओघ नेहमी तिकडेच वाहतो.

मराठीच्या एका अक्षराने या कथेचा समारोप करू. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन शब्द आपल्याला भिन्न आहेत. पहिल्यास आपण नमस्कार करतो आणि दुसऱ्यास स्वयंपाक सांगतो. हिंदीला या दुसऱ्या, केसासारख्या अर्ध्या 'र'ची गरज नाही; म्हणून देवनागरी म्हणजे हिंदी असे समजून बांधलेल्या व्यवस्थेला तो मराठीचा हट्ट वाटतो. युनिकोड या जागतिक संकेतात त्याची सोय झाली, ती नुक्त्याच्या 'ऱ'च्या आधाराने. ते अक्षर मुळात द्राविड भाषांतील ध्वनी देवनागरीत लिहिण्यासाठी ठेवलेले होते. त्याचे अर्धे रूप म्हणजे आपला 'ऱ्' असे ठरले. ही सोय एखाद्या कंपनीच्या साच्यात नव्हे तर सर्वांच्या संकेतात नोंदली गेली, म्हणूनच आज मुलुंडला टंकलेले 'वाऱ्यावर' कोल्हापूरला आणि न्यू जर्सीलाही तसेच वाचले जाते. आमची खोड ही खोड नसून भाषेचा नियम आहे, हे एकदा योग्य ठिकाणी लिहिले गेले की ती सांभाळण्याचे ओझेच उरत नाही.

यावरून आम्हांस असे दिसते की खोड शक्य तितकी तिच्या उगमाजवळ सांभाळावी, जेथे तिचे ज्ञान आहे तेथे. वरच्या मजल्यांना तिचा उपद्रव होऊ देऊ नये. अनेकांत आढळली तर तिला नाव देऊन समाईक वहीत नोंदवावी. आणि कोणत्या यंत्रासाठी, कोणत्या कारणाने हा अपवाद केला हे शेजारीच लिहून ठेवावे, म्हणजे ते यंत्र जगातून नाहीसे झाल्यावर अपवादही काढून टाकता येईल. यांतला शेवटचा नियम सर्वांत कमी पाळला जातो.

आणि एक गोष्ट वही कोणाच्या हाती आहे ही. बनवणाऱ्याने आपल्या यंत्राची खोड गुप्त ठेवली, दुभाष्या स्वतःच पुरवला आणि चार वर्षांनी तो पुरवणे बंद केले, की नव्या प्रणालीवर ते यंत्र मुके होते. त्याची चाके फिरत असतात, शाई शिल्लक असते, तरी ते कुर्ल्याच्या भंगारात जाते. आणि ज्या शाळेने वा छोट्या कचेरीने पै-पै जोडून ते घेतलेले असते तिला पुन्हा पैसे मोजावे लागतात. ज्याची खोड उघड्या वहीत लिहिलेली असते ते यंत्र मात्र मालक गेला तरी चालत राहते, कारण त्याची भाषा जाणणारे कोणीतरी जगात उरलेले असते. म्हणून नवे यंत्र विकत घेताना त्याच्या वेगाची आणि किमतीची जशी चौकशी करतो, तशी त्याचा दुभाष्या उघड आहे की कुलपात, याचीही चौकशी आपण केली पाहिजे.